वडाप ते ॲपवरची मिनीबस: रिकाम्या सीटचे पैसे कोण देतं?

कराडच्या एसटी स्टँडबाहेर कधी उभे राहिला असाल तर हा आवाज ऐकला असेल : "उंडाळे, उंडाळे, चला एकच शीट! बसा, लगेच सुटतीय." आत डोकावून बघावं तर निम्मी जीप रिकामी. आपण बसतो. ड्रायव्हर चहाला जातो. पंधरा मिनिटांनी अजून दोघं येतात. गाडी तेव्हाच हलते, जेव्हा ती भरते. कधी कधी भरून उतू जाते. पश्चिम महाराष्ट्रात याला वडाप म्हणतात, विदर्भ-मराठवाड्यात काळीपिवळी.

आता मी ठाण्याहून बीकेसीला ऑफिसला जातो. ॲपवर सीट बुक करतो, नकाशावर बसचं चिन्ह सरकताना बघतो, चढताना क्यूआर कोड दाखवतो आणि एसीत झोपतो. ड्रायव्हर चहाला जात नाही. सहा महिने मी मित्रांना सांगत होतो की हेच भविष्य आहे. मग एका गुरुवारी रात्री नऊ वाजता नोटिफिकेशन आलं : "सोमवारपासून आपल्या मार्गावरील सेवा बंद होत आहे." पासचे उरलेले पैसे वॉलेटमध्ये आले, पण ते वापरायला बस मात्र नव्हती.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, त्यामुळे पहिला प्रश्न पडला तो असा : एवढं चांगलं ॲप, रोज भरलेली बस, मग बंद का? शोधत गेलो तेव्हा लक्षात आलं की वडाप आणि ॲपवरची मिनीबस एकाच प्रश्नाची दोन उत्तरं आहेत. तो प्रश्न म्हणजे रिकाम्या सीटचे पैसे कोण देणार? हा प्रश्न समजला की छोट्या खासगी बस कुठे चालतात, कुठे बंद पडतात आणि आपण त्यांच्यावर किती भरवसा ठेवायचा, हे सगळं समजतं.

एक मोठी बस की तीन छोट्या?

एका मार्गावर दर अर्ध्या तासाला ६० सीटची एक बस येते असं समजा. वेळापत्रक न बघता थांब्यावर गेलात तर सरासरी १५ मिनिटं थांबावं लागेल. आता त्याऐवजी २० सीटच्या तीन बस दर दहा मिनिटांनी सोडा. तासाला सीट तेवढ्याच, पण सरासरी थांबणं फक्त ५ मिनिटं. शिवाय छोटी बस गल्लीत शिरते, पटकन वळते, पटकन भरते. प्रवाशाच्या नजरेतून बघितलं तर छोटी बस केव्हाही चांगली.

मग सरकारी उपक्रम मोठ्या बस का चालवतात? कारण ड्रायव्हर. एका बसला एक ड्रायव्हर लागतोच, सीट २० असोत की ६०. तीन छोट्या बस म्हणजे तीन पगार, तीन विमे, तीन गाड्यांची देखभाल. रस्त्यावर जागाही जास्त लागते. म्हणजे छोटी बस प्रवाशाचा वेळ वाचवते आणि त्याची किंमत चालवणाऱ्याच्या खिशातून जाते. ही किंमत भरून काढायची तर एकच उपाय : सीट रिकामी राहू द्यायची नाही.

वडापचा अल्गोरिदम

वडापने हे फार पूर्वीच सोडवलंय, तेही मोबाइल नसताना. नियम एका ओळीचा : भरली की सुटते. सीट रिकामी राहतच नाही, त्यामुळे भाडं कमी ठेवता येतं आणि सरकारकडून एक रुपयाही लागत नाही.

पण खर्च गायब होत नाही, तो दुसऱ्याच्या माथी जातो. दहा सीटची जीप आहे आणि बाजाराच्या दिवशी मिनिटाला एक प्रवासी येतो असं धरा. पहिला माणूस ९ मिनिटं थांबेल, शेवटचा अजिबात नाही. सरासरी साडेचार मिनिटं. झकास! आता दुपारची वेळ घ्या, पाच मिनिटांना एक प्रवासी. पहिला माणूस ४५ मिनिटं थांबेल आणि सरासरी होईल साडेबावीस मिनिटं. रिकाम्या सीटचे पैसे प्रवासी देतोय, फक्त रुपयांऐवजी वेळेत.

माझी आई दवाखान्याची अकराची वेळ असली की साडेआठलाच घरातून निघायची. गाव जवळच, पण जीप कधी भरेल याची खात्री नाही. तेव्हा मला वाटायचं, आई उगाच घाई करते. आता कळतं, ती रिकाम्या सीटचा हिशेब घरातूनच मांडून निघायची.

मग ॲप नेमकं काय करतं?

ॲपवरची मिनीबस भरण्याची वाट बघत नाही. ठरलेल्या वेळी सुटते. मग सीट भरणार याची खात्री कशी? त्यासाठी मागे चार कामं चालू असतात.

१. मागणी गोळा करणं. नवीन ॲपमध्ये तुम्ही घर आणि ऑफिस टाकता आणि "तुमच्या मार्गावर अजून सेवा नाही, आम्ही कळवू" असा मेसेज येतो. तो नुसता सौजन्याचा नसतो. तुमची मागणी एका यादीत जाते. घोडबंदर रोडच्या एका पट्ट्यातून साडेआठच्या सुमारास बीकेसीला जाणारे पुरेसे लोक जमले की तिथे मार्ग तयार होतो. वडापमध्ये भरण्याची वाट स्टँडवर बघितली जाते; इथे ती सर्व्हरवर, काही आठवडे आधीच बघितली जाते.

२. थांबे ठरवणं. बस थेट दारात का येत नाही? हिशेब करा. २० प्रवासी आणि प्रत्येकाच्या दारात जायला ३ मिनिटं जादा. पहिल्या माणसाला एक तास शहरदर्शन! म्हणून ॲप जवळजवळ राहणाऱ्यांचे गट करतं आणि प्रत्येक गटासाठी एकच जागा निवडतं, एखादा पेट्रोल पंप किंवा बँकेसमोरचा कोपरा. तिथे पाटी नसते, शेड नसते. हा थांबा फक्त तुमच्या फोनमध्ये असतो.

३. बस कधी येईल ते सांगणं. ड्रायव्हरचा फोन किंवा बसमधलं उपकरण जीपीएसवरून आपली जागा ठरावीक सेकंदांनी सर्व्हरला पाठवत असतं. सर्व्हर ती जागा नकाशावरच्या रस्त्याला जुळवतो आणि या वेळी, या रस्त्यावर आधी किती वेळ लागला होता त्यावरून अंदाज काढतो. बसचं चिन्ह मध्येच उडी मारतं तेव्हा बस उडालेली नसते. मधल्या वेळात नेटवर्क गेलेलं असतं. पुलाखालचा सर्व्हिस रोड आणि वरचा पूल यांतही जीपीएसची गफलत होते. नकाशात बस वर दिसते आणि प्रत्यक्षात खाली हॉर्न वाजवत असते.

४. सवय लावणं. मासिक पास स्वस्त का? कारण पास घेतला की तुमची सीट महिनाभर "भरलेली" धरता येते. पास म्हणजे रिकाम्या सीटची जोखीम तुम्ही आगाऊ उचलता. एखाद्या दिवशी तुम्ही गेला नाहीत तरी पैसे आलेले असतात.

थोडक्यात, वडाप तुमचा वेळ घेतो आणि ॲप तुमची माहिती आणि आगाऊ पैसे घेतं. त्या बदल्यात दोघंही सीट भरतात.

तरी बस बंद का पडते?

कारण सीट भरते ती जाताना. परत येतानाचं काय?

सोयीसाठी आकडे धरू. २० सीटची बस, एका फेरीचा सगळा खर्च १,२०० रुपये. पूर्ण भरली तर एका सीटला ६० रुपये. पण सकाळी साडेआठला ठाण्याहून बीकेसीला भरून गेलेली बस दुसऱ्या फेरीसाठी ठाण्याला रिकामी परतते. आता २,४०० रुपये २० जणांत वाटायचे : सीटला १२० रुपये. परतताना निम्मी जरी भरली तरी ३० जणांत वाटून ८० रुपये. आणि दुपारी अकरा ते चार बस पार्किंगमध्ये उभी, तरी हप्ता आणि ड्रायव्हरचा पगार चालूच.

ॲप कितीही हुशार असलं तरी सकाळी ऑफिसकडून घरांकडे जाणारे प्रवासी ते तयार करू शकत नाही. मग कंपनीपुढे तीन रस्ते उरतात : भाडं वाढवायचं, गुंतवणूकदारांच्या पैशांतून तोटा भरायचा किंवा मार्ग बंद करायचा. बऱ्याचदा हे तिन्ही याच क्रमाने होतं.

हे फक्त आपल्याकडचं नाही. अमेरिकेत बॉस्टनमध्ये सुरू झालेली ब्रिज ही मिनीबस सेवा २०१७ मध्ये बंद झाली. सॅन फ्रान्सिस्कोत २०१४ मध्ये सुरू झालेली चॅरियट लोकांच्या मागणीवरून मार्ग ठरवायची. २०१६ मध्ये फोर्डने ती विकत घेतली आणि २०१९ च्या सुरुवातीला बंद केली. फोर्डकडे पैसा आणि गाड्या दोन्ही होत्या, तरीही. भारतात ओलाने २०१५ मध्ये आणलेली शटल सेवा २०१८ मध्ये थांबवली. दिल्लीची शटल ही स्वतंत्र कंपनीही २०१५ चीच. कोरोनात ऑफिसं बंद झाली आणि २०२१ मध्ये ती चलोने विकत घेतली. मुंबईत २०१५ पासून असलेल्या सिटीफ्लोचा भर मात्र ऑफिसला जाणाऱ्या, एसी सीटसाठी जास्त पैसे मोजणाऱ्या प्रवाशावर राहिला.

सरकारने स्वतः केलं तर? हेलसिंकीत तेही झालं. तिथल्या सार्वजनिक वाहतूक संस्थेने २०१२ मध्ये कुत्सुप्लुस नावाची सेवा सुरू केली. फोनवरून बोलवा, अल्गोरिदम एकाच दिशेचे प्रवासी जोडून ताबडतोब मार्ग आखेल. तंत्र उत्तम होतं, पण संपूर्ण भागासाठी मिनीबस होत्या फक्त १५. इतक्या थोड्या गाड्यांमध्ये एकाच वेळी एकाच दिशेला जाणारे प्रवासी सापडणं अवघड, म्हणून प्रत्येक प्रवासामागे अनुदान जास्त लागायचं. २०१५ च्या शेवटी ती बंद झाली. अल्गोरिदमला गर्दी लागते, हा यातला धडा.

ॲपशिवाय चालणारं शहर : नैरोबी

आता उलट उदाहरण. केनियाच्या राजधानीत, नैरोबीत, बहुतेक लोकांची रोजची बस म्हणजे मटाटू. खासगी मालकीच्या या मिनीबसवर शहर चालतं. अंगावर भडक चित्रं, आत मोठ्याने गाणी आणि दारात लटकून ओरडणारा कंडक्टर. आपल्या वडापचा थोरला भाऊच म्हणा.

गर्दी भरपूर आणि दिवसभर असल्यामुळे मटाटू अनुदानाशिवाय टिकल्या. पण इथेही रिकाम्या सीटची जोखीम कोणाकडे तरी आहेच. ड्रायव्हर आणि कंडक्टरला मालकाला रोज ठरलेली रक्कम द्यावी लागते. वर उरेल ते त्यांचं. म्हणून प्रवासी पकडण्यासाठी दोन मटाटूंची शर्यत लागते, जास्त माणसं कोंबली जातात. २००४ मध्ये तिथल्या सरकारने कडक नियम लावले : १४ सीटच्या गाडीत १४ च प्रवासी, सीट बेल्ट, वेगावर मर्यादा आणणारं यंत्र आणि गाडीवर पिवळा पट्टा.

टेक्नॉलॉजीची गोष्ट पुढे आहे. शहर चालवणाऱ्या या जाळ्याचा एकही पूर्ण नकाशा नव्हता. मार्ग ड्रायव्हरच्या डोक्यात आणि प्रवाशांच्या सवयीत. मग नैरोबी विद्यापीठ आणि अमेरिकेतल्या एमआयटी आणि कोलंबिया विद्यापीठांच्या गटांनी एक साधं काम केलं. विद्यार्थी साधे स्मार्टफोन घेऊन मटाटूत बसले आणि प्रत्येक थांबा जीपीएसने नोंदवत गेले. १३० च्या आसपास मार्ग गोळा झाले. २०१४ च्या जानेवारीत नकाशा प्रसिद्ध झाला आणि २०१५ मध्ये हे मार्ग गूगल मॅप्सवर आले.

हे शक्य झालं जीटीएफएस नावाच्या फॉरमॅटमुळे. नाव भारी आहे, पण आत आहेत फक्त काही साध्या टेक्स्ट फाइल : एकात थांबे, एकात मार्ग, एकात फेऱ्या, एकात वेळा. वेळापत्रकच नसेल तर "सकाळी ७ ते ९, साधारण दर ५ मिनिटांनी" अशी नोंदही करता येते. गूगल मॅप्सवर तुम्हाला बसचा नंबर आणि वेळ दिसते, त्यामागे बहुतेक वेळा अशाच फाइल असतात. मटाटू कोणी बंद केल्या नाहीत, त्यांच्यावर नवीन ॲप लादलं नाही. जे चाललंय ते फक्त सगळ्यांना दिसू लागलं.

हाँगकाँगचा मधला मार्ग

हाँगकाँगने छोट्या खासगी बसची दोन रंगांत विभागणी केलीय. हिरव्या मिनीबसचा मार्ग, भाडं आणि वेळापत्रक सरकार ठरवतं. गाडी खासगी ऑपरेटरची. लाल मिनीबसना मार्ग आणि भाडं ठरवण्याची बरीच मोकळीक आहे, पण त्यांना काही रस्त्यांवर बंदी आहे. दोन्ही मिळून एकूण गाड्यांची मर्यादा ४,३५०. २०१७ मध्ये सीट १६ वरून १९ करायला परवानगी मिळाली. उभं राहून प्रवास नाही. मेट्रो आणि मोठ्या बस जिथे पोहोचत नाहीत, ती जागा या मिनीबसनी भरायची, असा हा हिशेब.

आपल्याकडे घोडं अडतं परमिटवर

मोटार वाहन कायदा १९८८ प्रवासी वाहतुकीचे दोन मुख्य प्रकार करतो. एक टप्पा वाहतूक : वाटेत कुठेही चढा-उतरा, प्रत्येकाचं तिकीट वेगळं; एसटी आणि शहर बस या प्रकारातल्या. दुसरी कंत्राटी वाहतूक : लग्नाची किंवा कंपनीची बस, करारात असलेलेच प्रवासी, वाटेत बाहेरचा माणूस घ्यायचा नाही.

ॲपवरची बस यातली कोणती? प्रत्येकाचं बुकिंग वेगळं, चढण्याची जागा वेगळी. म्हणजे टप्पा वाहतुकीसारखी. पण खासगी गाड्यांकडे परमिट बहुधा कंत्राटी असतं. १९८८ साली कायदा लिहिणाऱ्यांनी असा विचारच केला नव्हता की वीस अनोळखी माणसं रात्री अंथरुणात पडल्या पडल्या एकाच बसशी करार करतील. म्हणून आरटीओने गाडी अडवली की ड्रायव्हर गांगरतो आणि ऑफिसला उशीर आपल्याला होतो.

दिल्ली सरकारने यासाठी वेगळा परवाना आणला. २०१६ मधला पहिला प्रयत्न अडकला. शेवटी नोव्हेंबर २०२३ मध्ये प्रीमियम बस योजना अधिसूचित झाली. बुकिंग फक्त डिजिटल, उभं राहून प्रवास नाही आणि भाडं सरकारी एसी बसच्या कमाल भाड्यापेक्षा कमी ठेवायचं नाही. शेवटची अट विचित्र वाटेल, पण हेतू स्पष्ट आहे : खासगी बसने कारवाल्यांना ओढावं, सरकारी बसचे प्रवासी पळवू नयेत. कारण फायद्याचे मार्ग खासगी बसने नेले, तर सरकारी बसकडे फक्त तोट्याचे उरतात आणि मग दुपारी दोनला दवाखान्यात निघालेल्या म्हातारीची बस आधी बंद होते.

मुंबईत बेस्टने तिसरा रस्ता घेतला. भाडेतत्त्वावरच्या छोट्या एसी बस : गाडी आणि ड्रायव्हर कंत्राटदाराचा, मार्ग आणि भाडं बेस्टचं, कंत्राटदाराला पैसे किलोमीटरमागे. इथे रिकाम्या सीटची जोखीम बेस्ट, म्हणजे आपण सगळे, उचलतो. २०१९ मध्ये एसी बसचं किमान भाडं ६ रुपये ठेवता आलं ते यामुळेच. मे २०२५ मध्ये ते १२ रुपये झालं. पण खर्च दाबला की तो दुसरीकडे फुगतो. ऑगस्ट २०२३ मध्ये याच कंत्राटी बसच्या ड्रायव्हरांनी पगारासाठी संप केला आणि मुंबईकर थांब्यावर उभे राहिले.

पास घेण्याआधी हे बघा

- परतीचा मार्ग बघा. ॲपमध्ये तुमच्या मार्गावर उलट दिशेलाही बुकिंग चालू असेल, तर तो मार्ग टिकण्याची शक्यता जास्त.
- पहिला महिना सुट्या तिकिटावर काढा. तीन महिन्यांचा पास स्वस्त दिसतो, पण त्यात जोखीम तुमची.
- रिफंड कुठे येतो ते वाचा. बँकेत की वॉलेटमध्ये? मी हे वाचलं नव्हतं.
- लोकेशनची परवानगी "ॲप वापरताना" एवढीच द्या. रोजचं घर, ऑफिस आणि वेळ ही मौल्यवान माहिती आहे. बस पकडायला ती चोवीस तास द्यायची गरज नाही.
- सरकारी बसचा नंबर पाठ ठेवा. लाइव्ह लोकेशन आता अनेक शहर बसचंही दिसतं.

माझं मत आता बदललंय. छोटी खासगी बस चांगली आहे, ॲपही चांगलं आहे. पण भरलेल्या वेळेचं काम ती उत्तम करते. रिकाम्या वेळेचं काम करायला कोणीतरी पैसे देणारं लागतं आणि ते ॲपला जमत नाही. म्हणून "खासगी की सरकारी" असं भांडण्यापेक्षा आपल्या महापालिकेला दोन गोष्टी विचारूया : आमच्या बसचे मार्ग आणि वेळा खुल्या फॉरमॅटमध्ये कधी देणार? आणि दुपारी दोनच्या बसचे पैसे कोण देणार?

माझी सेवा बंद झाल्यावर मी पुन्हा लोकल आणि बेस्टवर आलो. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "आपल्या वडापाचं बरं बाबा, उशिरा सुटतो पण सुटतो तरी." ती अजूनही साडेआठलाच निघते.